थोटी नदी

१

प्राध्यापक उदयसिंह सरनोबत यांनी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला, आणि आयुष्यभर समोरच्या बाकांवर बसलेल्या पोरांना ते 'गाळ' म्हणत आले. निवृत्त झाल्यावर बाक गेले, पण गाळ काही कमी झाला नाही. आता तो त्यांना कॉलनीत दिसायचा.

कॉलनीच्या कमानीवर 'गंगाविहार' असं लिहिलेलं होतं. कसबा बावड्याच्या खालच्या अंगाला, कारखान्याच्या मळीचा वास पोचतो तिथं, एके काळी पंचगंगेचं एक मोठं वळण होतं. फार मागं एका पुरात नदीनं त्या वळणाची मान कापली, सरळ वाट धरली आणि हा तुकडा टाकून दिला. लोक त्याला थोटी नदी म्हणू लागले. थोटीत आधी डबकं उरलं, मग पाणकणीस माजलं, मग कुणीतरी ऊस लावला, मग वीटभट्ट्या आल्या. भट्ट्यांनी खणलेले खड्डे शिरोलीच्या फौंड्र्यांतल्या जळक्या काळ्या वाळूनं भरले, वर मुरूम पसरला आणि प्लॉट पडले.

सरांनी तिथं घर बांधलं तेव्हा नातेवाइकांनी तोंडावर सांगितलं, "नदीत घर बांधतोय खुळा." सरांना ते ऐकून बरं वाटलं होतं. नदी एकदा वळण सोडून गेली की मागं फिरत नाही, एवढं कळायला डोकं लागतं. पुढं दोन मोठे पूर आले आणि दोन्ही कमानीपाशी थांबले. नातेवाईक गप्प झाले. सरांनी त्यांना जेवायला बोलावून ती कमान दाखवली होती.

रंगपंचमी होऊन गेली होती. ऊन तापायला लागलं होतं. रोजच्याप्रमाणे सर सकाळच्या फेरीला निघाले, तर पुढं शेजारचा वसंत चाललेला. वसंत फौंड्रीत कामाला होता, घरी दोन म्हशी होत्या, हातात दुधाची किटली होती. विजेच्या डीपीपाशी तो थांबला, वाकला, पँट पोटरीपर्यंत दुमडली आणि पुढं चालू लागला. मंदिरापाशी पोचल्यावर त्यानं एकेक पाय झटकला आणि पँट खाली सोडली.

सर डीपीपाशी आले. रस्ता कोरडा ठणठणीत. नळ फुटला नव्हता, गटार तुंबलं नव्हतं. धुळीत वसंताच्या चपलांचे ठसे होते.

"वसंता, चिखल लागला का रे?"

"कुठं वो सर? उनाचा कसला चिखल?"

"मग पँट का वर केलीस?"

वसंतानं आपल्या पायांकडं बघितलं, मग सरांकडं. "मी? न्हाई ओ."

तेवढ्यात त्याची बायको क्रांती मागनं आली. डीपीपाशी तिनं दोन बोटांनी निऱ्या उचलल्या, घोट्याच्या वर धरल्या आणि बोलत बोलत पुढं गेली.

सर मनात म्हणाले, अडाणी.

२

दोन मोठ्या पुरांत बावड्यातली कितीतरी माणसं पाण्यातून चालली होती. शरीराला जुनी सवय राहते, आणि एकानं केलं की दुसरा करतो. मेंढरं तशीच चालतात. सरांनी हे सगळं चहा पिता पिता बायकोला समजावून सांगितलं. संयोगिताबाई म्हणाल्या, "असेल. तुमचं लक्ष कुठं कुठं असतं पण."

लोकांना जरा शहाणं करावं म्हणून सरांनी मंदिरापुढच्या शेडात रविवारी सकाळी व्याख्यान ठेवलं. विषय, 'आपल्या पायाखालची नदी'. बऱ्यापैकी माणसं जमली. फुकट चहा होता, हेही सरांच्या लक्षात आलं.

त्यांनी फळ्यावर वळण काढलं. बाहेरचा काठ नदी कशी खात जाते, आतल्या काठावर वाळू कशी टाकत जाते, वळण फुगत फुगत त्याची मान कशी बारीक होते, आणि मग एका रात्रीत पाणी कसं आरपार जातं. "मागं जे उरतं," ते म्हणाले, "त्याला पात्र म्हणायचं ते फक्त सवयीनं. ते मेलेलं असतं. प्रेताला आपण नाव घेऊन हाक मारतो, तसं."

बोलता बोलता त्यांनी वर बघितलं. सगळे जण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसले होते. म्हाताऱ्यांनी मांडी घातली होती. बायकांनी गुडघे पोटाशी घेतले होते. पहिल्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, सुटाबुटातले. त्यांनी बूट काढून मांडीवर ठेवले होते.

एवढ्या माणसांत जमिनीला टेकलेले पाय फक्त सरांचे होते.

काय ही बसायची रीत, असं त्यांना वाटलं, पण खडू हातात तसाच राहिला. व्याख्यान संपलं. लोक उठायला लागले. उठताना प्रत्येकानं आधी एका पायाचा अंगठा खाली सोडला, अंदाज घेतला, आणि मगच दुसरा पाय ठेवला.

३

पुढच्या आठवड्यात निऱ्या गुडघ्यापर्यंत गेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात लोक हात वर करून चालायला लागले. क्रांती भाजीची पिशवी डोक्यावर धरून यायची. वसंतानं किटली खांद्यावर घेतली होती. चालणंही बदललं होतं. डीपीपासून मंदिरापर्यंत माणसं मांड्या पुढं रेटत, जड जड, अंग किंचित तिरकं करून चालायची, आणि मंदिराच्या पलीकडं गेली की पुन्हा साधी. त्या सगळ्या वेळात ती एकमेकांशी गॅस सिलिंडरबद्दल, लग्नांबद्दल बोलत असायची.

सरांनी एकदोघांना विचारलं. ती अशी बघायची की जणू सरांचंच काहीतरी बिघडलंय. त्या बघण्यानं सरांचा संताप व्हायचा.

एके दुपारी वसंताची म्हैस रस्त्याच्या मध्यात बसलेली त्यांना दिसली. टळटळीत ऊन, खाली तापलेलं डांबर. म्हैस डोळे मिटून, मान लांब करून, फक्त नाकपुड्या वर धरून बसली होती. अधूनमधून ती नाकातून 'फुर्र' करून हवा सोडायची. डोहात डुंबणारी म्हैस सरांनी लहानपणापासून बघितली होती. अशीच बसते.

म्हशीला पुराची आठवण राहते का? दुसऱ्या म्हशीची नक्कल ती करते का? सर घरी आले आणि गच्चीवर चढले.

वरून कॉलनी नीट दिसत होती. ते कठड्याला टेकून संध्याकाळपर्यंत उभे राहिले. माणसं कुठं हात वर करतात आणि कुठं खाली घेतात, हे बघत राहिले. अंधार पडायच्या आत त्यांना ते दिसलं. ती सगळी ठिकाणं मिळून एक रेष होत होती, डीपी, पाण्याची टाकी, पिठाच्या गिरणीचा कोपरा, मंदिर. ती थोटीच्या जुन्या काठाची रेष होती. तिच्यावर आता घरं होती, भिंती होत्या, काठ कुठं होता हे कॉलनीत एका माणसाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

सर खाली उतरले आणि रेषेच्या आत जाऊन उभे राहिले. कोरडं. त्यांनी पाय आपटला. धूळ उडाली.

धूळ खाली बसायला फार वेळ लागला, असं त्यांना वाटलं. पण वारा पडलेला होता.

४

सरांचं स्वतःचं घर रेषेच्या पुष्कळ आत होतं.

स्वयंपाकघरात खालची फडताळं रिकामी झालेली त्यांनी बघितली. तांदळाचा डबा, मिक्सर, पिठं, सगळं वरच्या फळीवर चढलं होतं. देव्हारा माळ्याच्या जिन्यात गेला होता.

"हे काय?"

"झाडायला सोपं पडतं," संयोगिताबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी हनुवटी थोडी वर उचलली होती. मान अवघडल्यासारखी.

"तूसुद्धा?"

"मी काय केलं आता?"

सर बाहेर पडले, आणि पाय नेतील तसे वसंताच्या घरी गेले. वसंताची आई धोंडुबाई पुढच्या खोलीत खाटेवर असायची. कमरेखाली तिला हालचाल नव्हती. जीभ मात्र शाबूत होती. त्या दिवशी तिची खाट सरांच्या छातीएवढी उंच होती. चारी पायांखाली विटांचे ढीग रचले होते आणि खाट डुगडुगत होती.

"हा काय गाढवपणा आहे?" सर ओरडले.

"म्हातारीला वारं लागावं म्हणून जरा उचललीया," वसंत म्हणाला.

"वारं? पडली तर खुब्याचं हाड मोडेल तिचं. काढ त्या विटा."

"असू द्या की सर," क्रांती म्हणाली. "मी लक्ष ठेवतो."

"लक्ष ठेवणारी तोंडं बघितलीत मी. काढा."

कॉलनीत सरांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. वसंतानं खाटेचा एकेक पाय उचलला, क्रांतीनं विटा ओढल्या. सर दारात उभे राहून शेवटची वीट निघेपर्यंत बघत होते. खाट जमिनीला टेकली. धोंडुबाईनं दोन्ही कोपरांवर भार देऊन मान वर काढली आणि तशीच धरली. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"मास्तर," ती म्हणाली, "मग तुमी बसा हितं. मला धरून बसा."

"आजी, पडा निवांत. काही होत नाही."

"मला किती येळ अशी मान धराय येतीया?"

सर हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं हसू आलं होतं.

५

सकाळी रडण्याचा आवाज आला. सर गेले तेव्हा डॉक्टर निघत होते.

"फुफ्फुसात पाणी झालं," डॉक्टर म्हणाले. "या वयात होतं असं. झोपेतच गेल्या."

ते खरंच होतं. पडून असलेल्या माणसाला असं होतं, कितीतरी जणांना होतं. सरांनी स्वतःच्या वडिलांच्या वेळी हेच शब्द ऐकले होते. उशी कोरडी होती, चादर कोरडी होती, केस तेल लावलेले, जागच्या जागी. त्यांनी फुलं वाहायला वाकून बघितलं. धोंडुबाईच्या हातांची बोटं पांढरी पडली होती आणि त्यांवर सुरकुत्यांच्या बारीक चुण्या उठल्या होत्या. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं होतात तशा. सरांनी फुलं ठेवली आणि हात मागं घेतला. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला सुरकुत्या नाहीतर काय असणार?

वसंत त्यांच्याजवळ आला. डोळे सुजलेले होते, पण आवाजात राग नव्हता.

"तुमी सांगितलासा म्हणून काढल्या की विटा," तो म्हणाला.

"विटांचा आणि याचा काय संबंध?" सर म्हणाले.

"न्हाई, तेच म्हंतो मी. काय संबंध?" वसंत म्हणाला, आणि सरांच्या तोंडाकडं बघत राहिला. उत्तर मिळेल अशी त्याची समजूत असावी.

तिरडी निघाली. चौघांनी ती खांद्यावर घेतलीच नाही. चौघांनी ती हात सरळ वर ताणून डोक्यावर धरली आणि टाचा उचलून, चवड्यांवर, माना मागं टाकून ते चालू लागले. मागची सगळी माणसं तशीच. तोंडं आभाळाकडं, ओठ मिटलेले. कुणी 'राम' म्हणत नव्हतं. फक्त नाकातून श्वास घेतल्याचा आवाज येत होता, पन्नास-साठ माणसांचा.

सर मागून चालले होते, साध्या माणसासारखे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याची लाज वाटली.

मंदिर ओलांडलं, चढ लागला, आणि तिरडी खांद्यावर उतरली. लोकांनी तोंडं उघडून दम घेतला. मग एकदम सगळे 'राम नाम' म्हणायला लागले.

६

त्यानंतर कॉलनी रिकामी होत गेली. कुणाचं लग्न निघालं, कुणाची जत्रा. वसंत म्हशी घेऊन क्रांतीच्या माहेरी गेला. जे राहिले ते वरच्या मजल्यावर राहिले आणि गच्चीवरून एकमेकांशी बोलायचे. खालच्या मजल्यांची दारं उघडीच होती.

संयोगिताबाईंनी गाद्या वर नेल्या. "खाली उकडतं," त्या म्हणाल्या. जिन्याच्या मधल्या पायरीच्या खाली त्या आता येत नव्हत्या. चहाचा कप तिथूनच हात लांब करून द्यायच्या.

"इकडं आणून दे," सर खुर्चीतून म्हणाले.

"नाही येत."

"का?"

"माहीत नाही हो. पाय पडत नाही. तुम्ही वर या ना."

"गाढवांच्या संगतीनं माणूस ओरडायला शिकतो," सर म्हणाले, आणि पेपर उघडला.

त्या दिवशी दुपारी ते एकटेच खाली होते. पंखा चालू होता. कारखान्याचा भोंगा वाजला, पण आवाज जाड झाला होता, रजईतून यावा तसा. पंख्याची पाती त्यांना मोजता येत होती. त्यांनी पेपरचं पान सोडलं. ते डाव्या-उजव्या अंगाला झुलत झुलत, सावकाश, फरशीवर गेलं. तिथं टेकलं, आणि दाराच्या दिशेनं थोडं सरकलं.

उन्हाच्या पट्ट्यात धूळ होती. सगळे कण एकाच दिशेनं चालले होते. सरांना ती दिशा माहीत होती. थोटी तिकडंच वाहायची.

छतावर उजेडाची जाळी हलत होती. शेजारच्या टाकीवरून ऊन पडत असेल, ते म्हणाले. शेजारची टाकी झाकलेली होती, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी खिडकीकडं बघितलं.

खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी, गजांच्या पलीकडं, दोन पाय गेले. तळवे सरांच्या बाजूला होते, पांढरे, चुण्या पडलेले. मागून लुगड्याचा काठ सुटा होऊन हलत होता. घाई नव्हती. टाच खिडकीच्या गजाला हलकेच लागली, वळली, आणि पुढं गेली.

सरांना ठसका लागला. दुसरा लागला. छातीत काहीतरी गार आणि जड उतरत होतं, आणि खोकायला हवा सापडत नव्हती. खुर्ची कुठं पडली, जिना कसा गाठला, हे त्यांना कळलं नाही. हाताला संयोगिताबाईंचा हात लागला आणि त्यांनी सरांना ओढून वर घेतलं.

ते पायरीवर बसून धापा टाकत होते. संयोगिताबाई पदरानं त्यांचं डोकं पुसत होत्या, खसाखसा, पोराला न्हाऊ घातल्यावर पुसतात तसं. केस कोरडेच होते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी हे काय करतेय?"

७

सरांच्या बहिणीकडं जायचं ठरलं. पण जायला खालचा हॉल ओलांडायला हवा होता, आणि दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. सरांनी धैर्यशीलला फोन केला. धैर्यशील त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आता स्वतः कॉलेजात भूगोल शिकवत होता. "गाडी घेऊन ये," एवढंच त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर जीप दारात थांबली. धैर्यशील ताडताड पावलं टाकत हॉलमध्ये आला आणि कमरेवर हात ठेवून जिन्याकडं बघू लागला. नवरा-बायको मधल्या पायरीवर उभे होते.

"काय सर, कॉलनी उठून गेली की काय? कमानीपासून इथवर माणूस दिसलं न्हाई."

"तू वर ये," सर म्हणाले.

"बॅगा कुठायत? तुमी या की खाली. मी घेतो बॅगा."

"धैर्यशील, आधी वर ये. खाली थांबू नकोस."

"का, काय झालंय खाली?"

सरांनी तोंड उघडलं. हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. संयोगिताबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"पाणी आहे," सर म्हणाले.

धैर्यशीलनं फरशीकडं बघितलं. बुटाचं टोक तिच्यावर घासलं. मग त्यानं सरांकडं बघितलं, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. आदरापोटी त्यानं तो लगेच खाली आणला, पण सरांना तो दिसला होता.

"बरं," तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "बसतो मी. तुमी निवांत आवरा. मॅडम, सरांना जरा लिंबूपाणी द्या."

त्यानं पडलेली खुर्ची सरळ केली, पंख्याखाली ओढली, आणि पाय लांब सोडून बसला. मोबाइल काढला. त्याच्या कपाळावर उजेडाची जाळी हलत होती. शर्टाची कॉलर मानेपासून सुटून वर आली आणि तिथंच तरंगत राहिली. त्यानं ती न बघता हातानं खाली दाबली.

"धैर्यशील!" सर ओरडले.

"बोला सर," तो म्हणाला, आणि त्याला ठसका लागला.

त्यानं छातीवर मूठ मारली, हसायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ठसक्याला मोबाइल हातातून सुटला. तो फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही. धैर्यशील खुर्चीतून अर्धा उठला आणि वर बघू लागला, सरांच्याही वर, छताच्या खाली कुठंतरी, आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना पसरले.

संयोगिताबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. सरांनी तो सोडवला. चष्मा काढून बायकोच्या हातात दिला. छाती भरून श्वास घेतला, नाक चिमटीत धरलं, आणि खाली उतरले.